मॅडम, तो अर्ज मी लिहिला होता

आदरणीय मॅडम,
जय गुरुदेव.

तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात माझं भाषण ठेवलं होतं. शाल झाली, नारळ झाला, मग माझं नाव पुकारलं. मी उठलो, "मॅडमबद्दल काय बोलावं" एवढं म्हटलं आणि बसलो. लोकांना वाटलं गहिवरून आलं. खरं म्हणजे जे बोलायचं होतं ते गावापुढे बोलायची छाती झाली नाही. आता दिवाळी झाली, यंदा पावसानं सोयाबीन धुऊन नेल्यामुळे हाताला कामही बेताचंच आहे, म्हणून लिहायला बसलो. आणि हे सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितो, कारण अर्ज लपून दिला होता.

2023 च्या जानेवारीत तुमच्याविरुद्ध वर जो अर्ज गेला, "मुख्याध्यापिका गावाची परंपरा मोडून गॅदरिंग बंद पाडत आहेत" असा, तो माझ्या हातचा. खाली सतरा सह्या. त्यातल्या निम्म्या लोकांना मी अर्जात काय लिहिलंय तेही सांगितलं नव्हतं. ठरावाच्या वहीतलं माझं अक्षर तुमच्या ओळखीचं होतं, तेव्हा तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असणार. तरी दुसऱ्या दिवशी शाळेत आलो तर तुम्ही मला नेहमीसारखं "या अध्यक्ष, बसा" म्हणालात. त्या बसा म्हणण्यानं मला जेवढं लागलं तेवढं तुम्ही भांडला असता तर लागलं नसतं.

तुम्ही आलात 2022 च्या पावसाळ्यात. त्याआधीही शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष मीच होतो. शिक्षणहक्काचा कायदा म्हणतो की समितीत पाऊण हिस्सा पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया. कागदावर आमचं सगळं बरोबर होतं. सभा तेवढी भरत नव्हती. एखादं पोरगं रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचं, मी बंडी जुंपता जुंपता सही करायचो, बायांच्या सह्या चुलीपाशी व्हायच्या. तुम्ही पहिली सभा रात्री आठला ठेवली तेव्हा मी म्हटलं, "रात्री कोन येते मॅडम?" तुम्ही विचारलं, "दिवसा कोण येतं?" निंदणावरून आलेल्या बाया स्वयंपाक उरकून आल्या, लेकरं कडेवर घेऊन आल्या, आणि आमच्या शाळेच्या वऱ्हांड्यात पहिल्यांदा पुरुषांपेक्षा बाया जास्त बसल्या.

शाळा आपली पहिली ते चौथी, पट 41, शिक्षक दोन. दीडशेच्या वर पट असेल तरच प्राथमिक शाळेला वेगळा मुख्याध्यापक, त्यामुळे प्रभार तुमच्याकडे आणि वर्गही तुमच्याकडेच. आमच्याकडे रिवाज असा की मोठे मास्तर तिसरी-चौथी घेणार आणि नवे सर लहान पोरांना सांभाळणार. तुम्ही उलटं केलं. पहिली-दुसरी स्वतः घेतली. मला वाटलं, मॅडमला सोपं काम पाहिजे. नंतर एकदा खिडकीतून पाहिलं, खाली सतरंजीवर बसून एका पोराला "क"ला काना देताना तुम्हाला अर्धा तास लागला. ते सोपं काम नव्हतं.

दुसरा नियम गावाला फारच झोंबला. परिपाठ झाल्यावर पहिले दोन तास कुणीही आलं तरी वर्गातून उठायचं नाही. दाखला पाहिजे, बोनाफाईड पाहिजे, थांबा. ऑनलाइन माहिती वरून आजच्या आज मागितली असली तरी ती शाळा सुटल्यावर. सरपंचही वऱ्हांड्यातल्या बाकावर बसले होते, मी तर बसलोच होतो. गावात म्हणत, "लय शिस्तीची बाई आली बाप्पा." कौतुकानं म्हणत नव्हते.

आता त्या सभेवर येतो.

26 जानेवारीचं गॅदरिंग म्हणजे आमच्या गावाचा दिवाळीनंतरचा मोठा सण. महिनाभर प्रॅक्टिस, तालुक्याहून भाड्यानं आणलेले कपडे, डीजे, सिनेमाची गाणी, रात्री बारापर्यंत बक्षिसांचे दहा-दहा, वीस-वीस रुपये पुकारणं. डीजेवाल्याला मी तीन हजार इसार देऊन बसलो होतो, पत्रिकाही छापून आणल्या होत्या. तुम्ही सभेत विचारलं, मागच्या वेळी स्टेजवर किती पोरं चढली? कुणी म्हटलं वीस, कुणी म्हटलं पंधरा. तुमच्याकडे यादी होती, बारा. त्यातली सात दोन-दोन नाचांत. मग मागच्या रांगेतून एक बाई बोलली, "माह्या पोरीले घेतलंच नाही, कपड्याचे पैसे मी देऊ नाही शकली म्हून." तिचं ते बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ऐकायला सभा कुठे भरत होती!

तरी मी हटून बसलो. तेव्हा तुम्ही माझीच पत्रिका माझ्याच पोरीच्या हातात दिली.

ती तिसरीत होती. अक्षर मोत्यासारखं, पाहुणे आले की मी तिची वही दाखवायचो. "सस्नेह निमंत्रण" तिनं धाडकन वाचलं, कारण लग्नपत्रिकांमुळे ते पाठच होतं. पुढे "शाळा" झालं. मग "व्य"वर बोट थांबलं. तिनं तो शब्द सोडला, खालच्या ओळीवर गेली, माझं नाव ओळखलं, हसली. नावाखाली "अध्यक्ष" होतं. "अ..." म्हणाली आणि थांबली. "ध्य" आणि "क्ष" दोन्ही तिच्यासाठी नुसती नक्षी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी ओठ हलवले, आणि तुम्ही म्हणालात, "अध्यक्ष, सांगू नका." बाप घरी ज्या हुद्द्यानं मिरवतो तो शब्द पोरीला वाचता येत नव्हता. फळ्यावरचं चित्र उतरवावं तसं ती दोन वर्षं अक्षरं उतरवत होती.

तिचा दोष नव्हताच. पहिलीत नाव घातलं 2020 साली, आणि शाळा त्या मार्चपासूनच बंद. घरात मोबाइल एक, तो दिवसभर माझ्यासोबत वावरात. तुम्ही त्या सभेत हेच सांगत होता, की तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता आलं पाहिजे, मिनिटाला निदान साठ शब्द, असं निपुण भारत या केंद्र सरकारच्या मोहिमेचं उद्दिष्ट आहे आणि आपल्या तिसरीतली फक्त दोन पोरं तिथं पोचलीत. "प्रॅक्टिसचा महिना मला वाचनाला द्या," एवढंच तुमचं मागणं होतं. मी काही ऐकत नव्हतो. खरं सांगतो मॅडम, मला पोरीचं वाईट वाटलं नाही, चारचौघांत माझी फजिती झाली याचंच वाटलं. घरी गेलो आणि त्याच रात्री अर्ज लिहिला.

गॅदरिंग झालं, पण तुमच्या रीतीनं. डीजे नाही, खंजिरी आणि ढोलकी गावातलीच. 41 च्या 41 पोरं स्टेजवर. पहिलीतल्यांनी एकेक ओळ वाचली. चौथीतल्यांनी कापूस खरेदीचं नाटक बसवलं, काट्यावर मापात मारणारा व्यापारी आणि हिशेबात त्याला पकडणारी पोरगी, लोक हसून हसून लोळले. आणि शेवटी तुम्ही पालकांना वाचायला लावलं. मी "प्रास्ताविक" या शब्दावर असा अडखळलो की मागून कुणीतरी ओरडलं, "अध्यक्ष, बोट ठेवा बोट!" तुम्ही हसलेल्या मी तेवढ्याच एकदा पाहिल्या. (तुम्ही फार कमी हसता, हे आता बदलीनंतर सांगायला हरकत नाही.)

त्यानंतर जे सुरू झालं ते मी रोज पाहत गेलो. जेवणाच्या सुट्टीनंतर इयत्ता मोडायच्या आणि पातळीप्रमाणे गट करायचे: अक्षरवाले, शब्दवाले, उतारावाले, गोष्टवाले. चौथीतलं पोरगं दुसरीतल्याच्या शेजारी बसलं की आईबापांना राग यायचा. तुम्ही सांगायच्या, 'असर' नावाची शिक्षणाची पाहणी करणारे 2005 पासून देशभर गावोगाव फिरून हेच तपासतात, की मोठ्या वर्गातल्या पोरालाही दुसरीच्या पुस्तकातला उतारा येतो की नाही, आणि हे दुखणं एकट्या आपल्या गावाचं नाही. तरी दोन घरांनी पोरं काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली. एक परत आलं, एक नाही आलं.

स्वयंपाकखोलीच्या दारावरचा छोटा फळा मला फार आवडायचा. पोषण आहारात या पोरांना दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ. हजेरी घेतली की चौथीतलं एकजण जाऊन लिहायचं: "हजर 37, तांदूळ 3 किलो 700 ग्रॅम." स्वयंपाकवाली बाई त्या आकड्यावर तोलायची आणि आकडा चुकला की पोराला परत पाठवायची. कोठीचा हिशेब गावाला दिसायला लागला तो असा, कुणावर आरोप न करता.

पोळ्याला तुम्ही झडत्या, म्हणजे बैलांपुढे म्हणायची कवनं, लिहायला लावल्या. मोठ्यांच्या झडत्या त्याच त्या, आजोबांपासून चालत आलेल्या. पोरांनी तान्ह्या पोळ्यात, म्हणजे लेकरांच्या पोळ्यात, लाकडी नंदी ओढत नव्या म्हटल्या. एक मला अजून पाठ आहे:

बोंडामंधी अळी बसली, अळीनं केली होळी,
माह्या बापानं बैलाले तरी चारली पुरणपोळी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

हे ज्या पोरानं लिहिलं त्याचा बाप पारावर माझ्याच शेजारी बसला होता. टोपी काढून डोळे पुसले त्यानं.

पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, तीन पोरं शाळेत यायची आणि दिवसभर मुकी बसायची. आम्ही त्यांना मठ्ठ म्हणायचो. घरात कोलामी बोलणाऱ्याला मराठी पुस्तक म्हणजे परकंच, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही, पिढ्यान् पिढ्या शेजारी राहून. तुम्ही त्यांच्या आजाला बोलावून त्याच्याकडून शब्द विचारून घेतले आणि भिंतीवर मराठी शब्दाच्या शेजारी कोलामी शब्द देवनागरीत लिहिला. म्हातारा भिंतीपाशी उभा राहून नातवाकडून आपलेच शब्द वाचून घेत होता. तीनपैकी एक पोरगी त्या वर्षी परिपाठात गोष्ट सांगायला उभी राहिली.

सगळंच साधलं असं मी म्हणणार नाही. कापूस वेचणीला हजेरी अजूनही पडते. किलोमागे मिळणारी मजुरी घराला लागते, तिथं तुमचा आणि माझा उपदेश चालत नाही. कंपाउंडची भिंत अजून अर्धीच आहे. पाढ्यांचं म्हणाल तर सातच्या पुढे गाडी अडते.

पण ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र आहे ती सांगायची राहिली.

2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आमच्या नात्यातला एक माणूस आठ दिवस दवाखान्यात होता, वाचला. तरी आम्ही कुठे शिकलो! मीही तसाच उघड्या अंगानं, तोंडाला दुपट्टा बांधून फवारायचो. 2023 च्या पावसाळ्यात तुम्ही चौथीला वाचनासाठी औषधाच्या डब्यासोबत येतं ते घडीचं माहितीपत्रक दिलं. पोरांनी डब्याला हात लावायचा नाही म्हणून कृषी केंद्रातून नुसती माहितीपत्रकंच मागून आणली होती. ते बारीक टाइप मला चष्मा लावूनही दिसत नाही. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही तुम्ही शिकवला: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा.

दोन दिवसांनी मी अंगणात पंप भरत होतो. पोरगी लांबच उभी राहून म्हणाली, "बाबा, थांबा. त्याच्यावर पिवळा हाय." मी म्हटलं, असू दे. ती घरातून तो कागद घेऊन आली आणि वाचायला लागली. अडखळत नाही, घाई नाही. "हातमोजे, तोंडावर मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा... वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये." "विरुद्ध" तिनं सरळ वाचलं. "द्ध"वर बोटसुद्धा थांबलं नाही. मग पंपाला किती मिली ते गुणून सांगितलं. मी अंदाजानं जवळजवळ दुप्पट ओतत होतो.

मी पंप खाली ठेवला. त्या दिवशी फवारणी केली नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन हातमोजे आणले, येताना शाळेवरून आलो, तुम्ही वर्गात होतात, पहिले दोन तास चालू होते, म्हणून तसाच घरी गेलो. तेव्हा सांगायला आलो होतो, ते आज सांगतोय.

अर्जाचं नंतर काय झालं मला माहीत नाही. कुठल्या फायलीत पडला असेल तर माझं हे पत्र त्याच्यासोबत लावून घ्या.

तुमची काळी छत्री ऑफिसच्या कपाटामागे सापडली, जपून ठेवली आहे. पोरगी आता सहावीत, पासवर एसटीनं जाते. तिनं तुमच्या नव्या शाळेचा पत्ता लिहून ठेवलाय. तूर निघाली की डाळ भरडून दहा किलो पाठवतो, सोबत छत्री. पैशाची गोष्ट काढू नका.

तुमचा,
शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष
(हा शब्द पोरीकडून तपासून घेतला आहे.)