आप्पा, हे पत्र तुम्हीच वाचा

श्टुटगार्ट,
२० नोव्हेंबर

ति. आप्पा व आई यांस
शि. सा. नमस्कार.

मी इथं मजेत आहे. फराळाचं पार्सल पोचलं. चिवडा मऊ पडला नाही आणि शेंगाचटणीची पिशवीही फुटली नाही. आई, तू दुहेरी पिशवी केलीस ते बरं केलंस. जेवण, नोकरी, झोप सगळं नेहमीसारखं आहे, ते परत लिहीत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं ताई म्हणेल. आप्पा, मागच्या दोन्ही वेळी मी विचारलं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलात का. तुम्ही म्हणालात, ‘हां, हां, पाऊस थांबलाय.’ आणि फोन आईकडे दिलात. म्हणून लिहून पाठवतोय. चष्मा लावून सावकाश वाचा.

मी घरी एक यंत्र करायलोय आणि त्यात तीनशे व्होल्ट असतात, हे ताईनं सांगितलंय म्हणे. आई, तिनं सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं. आपल्या मर्फी रेडिओत काचेच्या बाटल्या तांबूस पेटायच्या ना, तसल्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर करतोय. तबकडीवरचं गाणं स्पीकरवर ऐकण्यापुरता. व्हॉल्व्हला विजेचा एवढा दाब लागतोच, त्याला इलाज नाही. पण पेटी ॲल्युमिनियमची आहे, तिला अर्थिंग केलंय, फ्यूज आहे. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ती उतरवायला वेगळा रेझिस्टर लावलाय. तरी मी पाच मिनिटं थांबतो, मीटर लावून शून्य बघतो आणि मगच हात घालतो, तोही एकच. दुसरा हात पाठीमागे ठेवायचा असतो, म्हणजे एका हातातून दुसऱ्या हाताकडे, छातीतून वीज जायला वाट मिळत नाही. इतकी काळजी तर आपण पाण्याची मोटर लावतानाही घेत नाही. आणि मी हे एकटा असताना करत नाही, खोलीतला मित्र घरी असतानाच करतो.

विजेच्या बिलाचंही सांगतो. सगळा मिळून साठच्या बल्बाएवढी वीज खातो. त्यातून गाणं मिळतं एका बाजूला जेमतेम पाच वॅटचं, बाकी सगळी उष्णता. पण पाच वॅट माझ्या खोलीला पुरून उरतात.

इथली एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगून पटणार नाही. रविवारी इथं आवाज करायचा नसतो. म्हणजे भांडण, गोंधळ करायचा नाही एवढंच नव्हे. कसलाच मोठा आवाज नाही. रविवार विश्रांतीचा, हे यांच्या घटनेतच आहे. १९१९ च्या जुन्या घटनेतलं कलम आजच्या घटनेत जसंच्या तसं ठेवलंय. दुकानं बंद. गवत कापायचं मशीन बंद. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल लावायचं नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायला कोपऱ्यावर मोठे डबे असतात, त्यांत रविवारी बाटली टाकायची नाही, कारण खाली पडून फुटल्याचा आवाज होतो. कचरा टाकलेला चालेल, काच नाही! चर्चची घंटा तेवढी वाजते. मला हे माहीत होतं, पण ॲल्युमिनियमच्या पत्र्याला दोन भोकं पाडायला काय होतंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दारात खालच्या शेजाऱ्यांची चिठ्ठी. शिव्या नाहीत, राग नाही. ‘शनिवारी आमची काही हरकत नाही’ एवढंच. मला इतकं लाजल्यासारखं झालं की खाली जाऊन माफी मागून आलो. आता ड्रिलचं काम शनिवारी आणि सोल्डरिंग रविवारी. सोल्डरिंगला आवाज नसतो.

आपल्याकडे पूर्व भागात कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं आपण. माग बंद पडले की जाग यायची.

आप्पा, आता तुमच्यासाठी. इथं जुन्या बाजारात एक म्हातारा रेडिओचं सामान विकत बसतो. त्याच्याकडच्या खोक्यात ईएल८४ हे व्हॉल्व्ह शोधत होतो, मला दोन लागतात. टेलिफुंकन या जर्मन कंपनीचे मिळाले, ते महाग. मग खाली एक मळका व्हॉल्व्ह हाताला लागला, पुसून बघतो तर वर बीईएल, इंडिया. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं केलेला! सोलापुरात उद्यान एक्सप्रेसमध्ये बसलं की जिथं उतरतो, तिथला. तो इथवर कसा आला असेल कोण जाणे. मी त्याचा भाव केला नाही. जोडीला दुसरा स्लोव्हाकियातला नवा घेतला. दोघांचं माप थोडं वेगळं येतं, पण डाव्या-उजव्या बाजूला एकेक आहे, चालतं.

तो व्हॉल्व्ह हातात असताना मला मर्फीची आठवण झाली आणि एक गोष्ट लिहायची राहिलीय. आजोबांचा तो रेडिओ व्होल्टेज वाढल्यामुळे गेला नाही. मी आठवीत होतो, तुम्ही दुसऱ्या पाळीला गेला होतात. मी मागचा पुठ्ठा काढला, स्पीकरची तार ओढली गेली आणि सुटली. आवाज येईना म्हणून मी आवाजाचं बटण पूर्ण फिरवून तसाच चालू ठेवला. जळका वास आला तेव्हा बंद केला. आता इथं शिकलो की स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जोरात चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, भलताच दाब तयार होतो आणि तो जळू शकतो. तेच झालं असणार. तुम्ही सगळ्यांना ‘व्होल्टेजनं गेला’ म्हणून सांगत राहिलात आणि मी गप्प बसलो. भंगारवाला घेऊन गेला तेव्हाही. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? पुठ्ठ्याचा एक स्क्रू मला परत बसवता आला नव्हता.

यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा गाण्याच्या आधी गुणगुण आली, बारीक, सारखी. तुम्ही गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, असताना कसं करायचात ते आठवलं. सगळे माग चालू असताना एकाच्या जवळ कान नेऊन सांगायचात, धोटा कुठं अडतोय ते. आणि म्हणायचात, एकेक बंद करून बघ. तसंच केलं. पुढचा छोटा व्हॉल्व्ह काढून ठेवला, गुणगुण बरीच गेली, म्हणजे ती तिथूनच शिरत होती. व्हॉल्व्ह पेटवायच्या ६.३ व्होल्टच्या तारा सिग्नलच्या तारेला खेटून गेल्या होत्या. त्या एकमेकींत पीळ घालून कोपऱ्यातून नेल्या. राहिलेली गुणगुण ट्रान्सफॉर्मर शेजारी शेजारी होते त्याची. आउटपुटचे दोन्ही काटकोनात फिरवले. मग रविवारच्या त्या शांततेत फक्त तंबोरा आला. भीमसेनांची तबकडी होती. मित्र स्वयंपाकघरातून येऊन उभा राहिला, त्याला मराठी येत नाही तरी.

आणि तुम्हाला ते ऐकवता येत नाही. फोनवरून तर नाहीच.

कानाबद्दल मी इथं वाचलं. मागाच्या खटखटाटानं आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं जातं. स, श, फ हे सगळे बारीक आवाज तिथं वरच असतात. म्हणून तुम्ही म्हणता ‘आवाज येतो पण कळत नाही’, ते अगदी बरोबर आहे. नुसतं वय झालं म्हणून नाही, तीस वर्षांच्या कामानंही आहे. कानाचं मशीन म्हणजे छोटा ॲम्प्लिफायरच. नुसता आवाज मोठा करत नाही, तुमचा जेवढा भाग गेलाय तेवढाच वाढवतो. त्याची लाज कसली?

त्यासाठी पन्नास हजार वेगळे पाठवलेत, आईच्या खात्यावर. ते गच्चीला लावू नका. गच्चीचे जानेवारीत पाठवतो. बँकेचा हप्ता वेळेवर जातोय. ॲम्प्लिफायरला साधारण साडेतीनशे युरो लागले, तेही वर्षभरात थोडे थोडे करून, बरेचसे ट्रान्सफॉर्मरला. घरच्या पैशातून एक पैसाही नाही. आई, मी जेवणात काटकसर करून केलेलं नाही हे.

बार्शीच्या स्थळाचं. फोटो बघितला, मुलगी चांगली वाटते. मी टाळतोय असं मामांना सांगू नका. पण अजून तीन वर्षं तरी मी इथंच आहे, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा. लपवून होकार मिळवायचा नाही. आधी तिच्याशी मी एकदा बोलतो.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला या वर्षीही येता येत नाही. सुट्टी नाताळात मिळते, संक्रांतीला नाही. तिसरं वर्ष झालं. अक्षता पडतात तेव्हा संमती कट्ट्याजवळ आप्पांसोबत ताईच्या पोराला तरी पाठवा, गर्दीत एकटं सोडू नका. एप्रिलमध्ये नक्की येतो, ऊन असलं तरी.

आई, शिलाई मशीनच्या खणात बटणांचा डबा आहे. त्यात मर्फीचा एक नॉब आहे, मोठा. मी भंगारवाल्याच्या आधी काढून ठेवला होता. ताईला कुरिअर करायला सांग. पण आप्पांची डॉक्टरकडची तारीख आधी घे, नॉब त्यानंतर पाठव.

तुमचा,
बाळू