तुझी करंगळी

प्रिय अव्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, चार महिने झाले. रागावला असशील तर तो तुझा हक्कच आहे. आज बसलोय तेही डाव्या हाताच्या एका बोटाने टाईप करत, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. बाकी तब्येत ठीक. आईचे गुडघे तसेच.

जिन्यात पडलो असं सगळ्यांना सांगितलंय. तुला खरं सांगतो. नंदूशी पुन्हा त्याच विषयावरून वाजलं. तो निघून गेला आणि मी बंद दारावर मूठ हाणली. करंगळीच्या मुळापासून जी कळ गेली ती थेट कोपरापर्यंत. डॉक्टरांनी एक्स-रे बघायच्या आधीच विचारलं, "भिंत की दार?" करंगळीच्या गाठीमागचं तळहातातलं हाड तिथेच मोडलं असेल, तर बहुतेकदा मूठच मारलेली असते म्हणे. मी मान खाली घातली.

ऑपरेशन करावं लागेल, तार घालतील, असंच मी धरून चाललो होतो. ते म्हणाले, गरज नाही, प्लास्टरमध्येच जुळेल. मोडलेल्या जागी सुई देऊन बधिर केलं. करंगळी काटकोनात दुमडून ती खालून वर रेटली आणि हाताच्या पाठीवरचा उंचवटा अंगठ्याने दाबला. दुखलं नाही, पण आत काहीतरी सरकून बसल्याचं कळलं.

मग त्यांनी मला हळूहळू बोटं मिटायला लावली आणि नुसते नखांकडे बघत राहिले. मूठ मिटताना चारही बोटांचा रोख अंगठ्याच्या मुळाकडे हवा. एखादं बोट शेजारच्यावर चढलं, तर हाडात पीळ पडलाय. वाक असला तर करंगळीला पुष्कळ चालतो, ३० अंशही, कारण तिच्या हाडाला मनगटाकडच्या सांध्यात हलायला जागा असते. तर्जनीला तेवढी नसते. पीळ मात्र कुठल्याच बोटाला चालत नाही, आणि तो आपोआप सुटतही नाही. बोट सरळ धरलं की तो दिसेलच असंही नाही.

अव्या, तिथल्या तिथे मला तुझी करंगळी आठवली.

तो झेल. तू हात झटकत बसलास आणि मी म्हणालो, "बोट हलतंय ना? मग मोडलेलं नाही." मोडलेलं बोटही हलतं रे. मी रुमाल बांधला, तुला पुन्हा सीमेवर उभं केलं आणि काकूंना सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. सूज उतरली, बोट सरळ दिसायला लागलं, प्रकरण मिटलं. पुढे मूठ मिटलीस की करंगळी शेजारच्या बोटावर बसायची, तेव्हा तिला 'स्वारी' हे नावही मीच ठेवलं. पोट धरून हसायचो आपण. (झेल सुटलाच होता, तो तू पकडला होतास हे मी आजही मान्य करणार नाही.) एक एक्स-रे आणि तीन-चार आठवडे नीट बांधलेलं बोट, एवढ्यावर कदाचित भागलं असतं.

आता माझी पाळी. आज पाचवा दिवस. प्लास्टर कोपराखालपासून शेवटच्या दोन बोटांपर्यंत आहे. मनगट जरा मागे, बोटं मुळाशी जवळजवळ काटकोनात दुमडलेली, पुढे सरळ. मुळाशी सरळ ठेवली तर तिथले बंध आखडतात आणि नंतर मूठ मिटत नाही. म्हणूनच तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. मग करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून हलवायला लागायचं. गाठ थोडी बसकी राहील म्हणे. राहू दे.

भीती वेगळीच आहे. सूज उतरली की प्लास्टर सैल पडतं आणि बसवलेलं हाड सरकू शकतं, म्हणून परवा दुसरा एक्स-रे आहे. रात्री हात उशांवर उंच ठेवून झोपतो, दोनला जाग येते, दिवा लावतो. करंगळीचं नख शेजारच्या नखाशी ताडून बघतो. एकदा समांतर वाटतं, एकदा तिरकं. मग दिवा तसाच ठेवून बसून राहतो. घरात कुणाला सांगू? नखात काय एवढं बघायचं, हे तुझ्याशिवाय कुणाला कळेल?

तुझ्या बदलीचं काय झालं? मिनूची परीक्षा संपली ना? पुढच्या पत्रात सविस्तर विचारतो, बोट दुखायला लागलंय.

डॉक्टरांना तुझ्याबद्दल विचारलं. जुना पीळ हाड कापून सरळ करता येतो, पण पकडीत अडत असेल तरच त्या वाटेला जायचं. तुला अडतं का? घट्ट झाकण फिरवायचं असलं की तू डावा हात पुढे करतोस. वर्षानुवर्षं बघत आलोय आणि कधी विचारलं नाही. आज विचारतो. खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. आणि मूठ मिटून एक फोटो पाठव, नखं दिसतील असा.

तुझा,
सुधा