शेवटचा बॉस पोरांच्या हातात द्या

संपादक साहेब, नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की तुमच्या पुरवणीत मोबाईल आणि गेमवर एक पान येतंच, आणि त्यात दरवर्षी तेच असतं, मुलं चिडचिडी होतात, डोळ्यांची वाट लागते, अभ्यास बुडतो. ते खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण एखादा गेम कोणी बनवला, तसाच का बनवला, त्यात डोकं कुठे लावलंय यावर पण कधीतरी छापा ना. मी आज एकाच मुद्द्यावर लिहितोय, फायटिंग म्हणजे मारामारीच्या गेममध्ये जो शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात शेवटी येणारा सगळ्यात भारी शत्रू, असतो तो खेळणाऱ्याला स्वतःला घेऊन खेळता आला पाहिजे.

उदाहरण देतो ते रोबोटांच्या मारामारीचं. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने 1993 साली जपानमध्ये आपल्या फॅमिकॉम या मशीनवर 'जॉय मेक फाइट' नावाचा गेम काढला. नव्वदीत आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे कॅसेटवाले व्हिडिओ गेम मिळायचे ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या, त्यामुळे चाळिशीतल्या वाचकांना त्या मशीनची ताकद किती होती ते माहितीये. एका आडव्या ओळीत 8 च्या वर स्प्राइट (म्हणजे पडद्यावर हलणारे चित्राचे छोटे तुकडे) दाखवता येत नाहीत, पूर्ण स्क्रीनवर 64. एवढ्यात दोन मोठे रोबोट समोरासमोर उभे करायचे आणि ते भराभर हलले पण पाहिजेत, कसं करणार? तर त्यांनी रोबोटांना दंड आणि मांड्याच दिल्या नाहीत! डोकं, धड, हाताचे पंजे आणि पावलं, सगळं हवेत सुटं तरंगतंय, मधलं काही काढलेलंच नाही आणि तरी खेळताना एकदाही वाटत नाही की अंगाचा भाग गायब आहे, ठोसा मारला की पंजा सुसाट पुढे जातो आणि आपण मनातच हात जोडून घेतो. मला हे फार म्हणजे फारच आवडतं. हा गेम मुळात गेम बनवायला शिकणाऱ्या मुलांच्या सेमिनारमधून आलाय, त्यातल्या कोइची हायाशिदाने पुढे 'सुपर मारिओ गॅलेक्सी 2' दिग्दर्शित केला.

गोष्ट साधी आहे. दोन शास्त्रज्ञ, त्यातला एक रोबोट पळवतो आणि जग जिंकायला निघतो, दुसऱ्याकडे उरतो फक्त सुकापोन नावाचा लोकांना हसवणारा रोबोट, मग त्यालाच तो लढायला तयार करतो. सुकापोनने ज्याला हरवलं तो रोबोट तुमच्या बाजूला येतो. आणि पुढे बॉस लोक पण दोघांच्या खेळात निवडता येतात, शेवटचा बॉस होओ सुद्धा. सगळे धरून 36 रोबोट, 1993 ला, त्या एवढ्याशा मशीनवर!

सप्टेंबर 2023 ला हा गेम निन्टेन्डोच्या स्विच ऑनलाइन या वर्गणीच्या सेवेवर जपानबाहेर पण आला, तेव्हा भाच्याला दाखवला. सहावीत आहे. होओ निवडता येतो म्हटल्यावर त्याला वाटलं आता मामा संपला. पण माझा सुकापोन त्याला मारत होता, कारण बॉस भारी असला तरी चालवणारी बोटं आपलीच असतात. मग तो हळूहळू बघायला लागला की आपण मोठा हल्ला केला आणि तो हुकला की लगेच मागे घेता येत नाही, तेवढा वेळ समोरचा येऊन मारून जातो. नंतर तोच होओ कॉम्प्युटरकडून समोर आला तेव्हा पोरगा उगाच पुढे धावला नाही, थांबला, हल्ला हुकायची वाट बघितली आणि बरोबर तेवढ्यात घुसला. मला त्याला काही सांगावं लागलं नाही, त्याने आतून बघितलं होतं ना ते.

यात आणखी एक भानगड आहे जी बाहेरून कळत नाही. असे गेम साधारण सेकंदाला 60 फ्रेमने चालतात, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला 60 वेळा बदलतं. समोर काय झालं ते बघून बटण दाबायला माणसाला सेकंदाचा पाचवा-चौथा भाग जातो, म्हणजे 12 ते 15 फ्रेम. कॉम्प्युटरला मात्र तुम्ही बटण दाबलं की त्याच क्षणी कळू शकतं, बनवणाऱ्याने मुद्दाम आवरलं नाही तर. म्हणून बॉस अंगावर येतो. काही वेळा तर खेळाडूला दिलेला आणि कॉम्प्युटरचा बॉस वेगळेच असतात, 'स्ट्रीट फायटर' या मारामारीच्या गेममधला लपवलेला बॉस आकुमा 1994 ला कोड (म्हणजे बटणं ठरावीक क्रमाने दाबून) टाकून घेता यायचा पण तो कॉम्प्युटरच्या आकुमापेक्षा कमी ताकदीचा ठेवला होता. हे बरोबरच केलं, नाहीतर समोर बसलेल्या मित्राने खेळायचं कशाला. त्याच मालिकेत 1991 ला चार बॉस फक्त कॉम्प्युटरकडे होते आणि 1992 च्या आवृत्तीत चारही खेळाडूंना देऊन टाकले.

आता उलटं उदाहरण बघा. 1994 चा ब्रिटिश गेम 'राइज ऑफ द रोबोट्स'. जाहिरात दणक्यात, क्वीन बँडच्या ब्रायन मे सारख्या गिटारवाल्याचं नाव, त्या काळाच्या मानाने चित्रं इतकी गुळगुळीत की लोक बघत राहायचे. पण एकट्याने खेळायचं तर फक्त सायबॉर्ग नावाचा एकच खेळाडू घेता यायचा. दोघांनी खेळलं तरी पहिल्याला सायबॉर्गच, बाकीचे रोबोट दुसऱ्याला. आणि शेवटची सुपरवायझर, जिच्यामुळे सगळी गोष्ट घडते, जी पाऱ्यासारखी आकार बदलते, ती पाहिजे तर गुप्त कोड टाका आणि तोही दोघांच्या खेळातच चालणार. त्यात उडी मारून साधी लाथ घातली की अर्धे रोबोट आडवे होत होते. एवढी मेहनत करून सुंदर बॉस बनवायची आणि कुलपात ठेवायची, मला हे आजही पटत नाही, कारण त्या गेममध्ये सगळ्यात बघण्यासारखी तीच होती.

आजकाल बऱ्याच गेममध्ये बॉस नंतर पैसे भरून घ्यावा लागतो, त्याबद्दल पालकांनी जरूर बोलावं, पोरांच्या हातात कार्ड गेलं की काय होतं ते सगळ्यांना माहितीये. जिंकून मिळवलेला बॉस आणि विकत घेतलेला बॉस यात पोरांना फरक कळतो, विचारून बघा.

तर विनंती एवढीच, पुढच्या सुट्टीच्या पुरवणीत व्यसनाच्या लेखाशेजारी अर्धं पान जुन्या गेमला द्या. पुण्या-मुंबईत गेम बनवणारी मराठी पोरं आहेत, त्यांना लिहायला सांगा की बॉस कसा बनवतात आणि खेळाडूच्या हातात देताना त्यात काय काय बदलावं लागतं. मी तरी ते पान कापून भाच्याला नेऊन देईन.

आपला नियमित वाचक,
सातारा