पुठ्ठा, दोन काठ्या आणि पृथ्वीचा परीघ

महोदय,

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची ‘कॉसमॉस’ ही विश्वाविषयीची १३ भागांची मालिका १९८० साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर प्रथम दाखवली गेली. तिच्यातील कल्पनेचे अंतराळयान आज भाबडे वाटते, हे मान्य. परंतु पहिल्याच भागात सेगन इजिप्तचा पुठ्ठ्यावरील नकाशा हाती घेतात आणि तो सपाट असताना त्यावरील दोन काठ्यांच्या सावल्या सारख्याच पडतात, वाकवताच मात्र लहानमोठ्या होतात, हे दाखवून, सायीन आणि अलेक्झांड्रिया या सुमारे ८०० किलोमीटर अंतरावरील शहरांतील सावल्यांच्या कोनातील सुमारे ७ अंशांच्या (म्हणजे वर्तुळाच्या साधारण पन्नासाव्या भागाच्या) फरकावरून प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटरचा परीघ कसा काढला, ते सांगतात. हा प्रयोग कोणत्याही शाळेत पाच मिनिटांत करता येईल. हल्लीच्या खगोलविषयक कार्यक्रमांत संगणकीय चित्रांचा (आणि धापा टाकणाऱ्या निवेदकाचा) भडिमार असतो. कारणमीमांसेला मात्र वेळ उरत नाही. विश्वाचे वय त्या मालिकेत १५ अब्ज वर्षे धरले आहे, ते आता १३.८ अब्ज मानले जाते. अशा दुरुस्त्या तळटीपेसारख्या जोडून आणि मराठी निवेदन देऊन ही मालिका आपल्या वाहिन्यांनी रविवारी सकाळी दाखवावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, पुणे