मंत्रिमहोदय, वर्गात काय चालतं ते तपासा

प्रति,
लाइसिते (धर्मनिरपेक्षता) खात्याचे मा. मंत्री,
क्वेबेक सरकार, कॅनडा

महोदय,
सादर नमस्कार.

या पत्राची फ्रेंच प्रत तुमच्या कार्यालयात पोचली आहे. पत्र मिळाल्याची छापील पोचही आली. आता तेच सगळं मराठीत, जरा मोकळ्या हाताने लिहिते आहे. तुम्ही हे वाचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण सरकारी शाळांत धार्मिक चिन्हं घालायला बंदी करणाऱ्या तुमच्या कायद्याला टाळ्या वाजवणारे बरेच लोक माझ्या भाषेतले आहेत. ‘क्वेबेकने करून दाखवलं, आता बाकीच्यांनी शिकावं’ असे निरोप ठाण्याहून निघतात, टोरंटोला वळसा घालून माझ्या फोनवर येतात. तुम्हाला लिहिलेलं त्यांनीही वाचावं, म्हणून हे पत्र खुलं.

मी मॉन्ट्रियलमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत काम करते. शिक्षिका नाही. दुपारचे डबे आणि शाळा सुटल्यावर आईबाप येईपर्यंतची मुलं, एवढं माझं खातं. हिवाळ्यात हे काम म्हणजे मुख्यतः स्नोपँट चढवणं, हातमोज्यांच्या जोड्या लावणं आणि कुणाच्या तरी एकाच पायाचे दोन बूट घेऊन दुसऱ्याचा शोध घेणं. माझ्याबरोबर एक अल्जेरियन बाई आहे, ओरानची. तिकडे रसायनशास्त्र शिकली, इकडे फळांच्या फोडी करते. मुलं शुद्धलेखनाची तयारी तिच्याकडूनच करून घेतात, कारण माझं फ्रेंच ऐकून पहिलीतली पोरंसुद्धा हसतात. ती डोक्याला रुमाल बांधते.

गेल्या वर्षी तिचं घर नदीपलीकडच्या लावाल शहरात गेलं. घराशेजारच्या शाळेत तिच्याच कामाची जागा रिकामी आहे. पण ती रोज बस आणि मग मेट्रोची ऑरेंज लाइन पकडून नदी ओलांडते, आमच्याच शाळेत येते. कारण तुमचा नवा कायदा. २०१९ च्या कायदा २१ ने पोलीस, सरकारी वकील, तुरुंगाचे पहारेकरी आणि सरकारी शाळांतले शिक्षक यांना धार्मिक चिन्ह घालायला बंदी केली. २०२५ च्या ऑक्टोबरात विधेयक ९४ मंजूर झालं आणि ती बंदी शाळेतल्या बाकीच्या माणसांवरही आली: कार्यालयातली कारकून, कँटीनमधली बाई, आम्ही. आधीपासून नोकरीत असलेल्यांना सूट आहे, पण ती त्याच संस्थेत, त्याच पदावर असेपर्यंत. पूल ओलांडून लावालच्या संस्थेत गेली की सूट संपली. बढती घेतली तरी संपली. म्हणजे बाई आमच्या शाळेत मुलांना चालते, आठ-दहा मैलांवरच्या मुलांना मात्र तिच्यापासून धोका आहे. हा हिशेब मला कुणी समजावून दिलेला नाही.

तिला इथे आणलं कुणी, हेही जरा आठवून पाहा. १९९१ च्या करारानुसार क्वेबेक आपले स्थलांतरित बऱ्याच अंशी स्वतः निवडतं. फ्रेंच टिकावं म्हणून तुम्ही फ्रेंच येणाऱ्यांना जास्त गुण दिलेत. ते योग्यच होतं, साठ लाखांहून अधिक फ्रेंच भाषकांना इंग्रजीच्या समुद्रात तग धरायची आहे. आणि जगात फ्रेंच बोलणारी, शिकलेली, बाहेर पडायला तयार माणसं कुठे होती? अल्जेरिया, मोरोक्को, ट्युनिशिया. ती आली. २०२१ च्या जनगणनेत क्वेबेकमध्ये मुसलमान सुमारे ५ टक्के निघाले. ते काही कुंपणावरून उड्या मारून आलेले नव्हते, तुमच्याच खात्याने मार्क देऊन पास केलेले होते. अर्जात भाषा विचारली, पदवी विचारली, वय विचारलं. रुमालाबद्दल नंतर विचारलं.

तुमचा राग कुठून येतो हे मला कळत नाही असं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्या तुमच्या कायद्याच्या कट्टर बाजूच्या. त्यांच्या आईला अकरा मुलं. शेवटच्यानंतर वर्ष उलटून गेलं तेव्हा पाद्री घरी येऊन बसला आणि पुढचं कधी, असं विचारून गेला. शाळेत नन पट्टीने हाताच्या पेरांवर मारायच्या. इथल्या बायकांना प्रांताच्या निवडणुकीत मत मिळालं ते १९४० मध्ये, चर्चचा विरोध असताना. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने व्यवहार करायची कायदेशीर मुभा मिळाली १९६४ मध्ये. शाळा आणि इस्पितळं धर्मसंस्थेच्या हातातून सोडवायला साठच्या दशकात इथल्या लोकांनी केवढी उलथापालथ केली! त्या बाईंना शाळेत डोकं झाकलेली शिक्षिका दिसली की ती पट्टी आठवते. यावर मी त्यांच्याशी वाद घालत नाही. चहा घेते.

पण महोदय, तेव्हा चर्चच्या हातात सत्ता होती. शाळा त्यांची, इस्पितळ त्यांचं, जन्ममृत्यूची नोंदही त्यांची. माझ्या सहकारी बाईच्या हातात काय आहे? सफरचंदाची सुरी, तीही प्लास्टिकची.

हा वाद पहिल्यांदा पेटला तेव्हाची एक गोष्ट मराठी वाचकांना सांगायलाच हवी. २००७ च्या जानेवारीत एरूव्हिल नावाच्या जेमतेम तेराशे वस्तीच्या गावाने स्थलांतरितांसाठी आचारसंहिता छापली. आमच्याकडे बायकांना दगडांनी ठेचून मारत नाहीत, असं त्यात बजावून सांगितलेलं. गावात स्थलांतरित जवळजवळ नव्हतेच. गावकीचे असे ठराव आम्ही आमच्याकडेही पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे मला हसू आलं. पण तुमच्या सरकारने तेव्हा शहाणपणा केला, आयोग नेमला. इतिहासकार जेरार बुशार आणि तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर गावोगाव फिरले, लोकांची बोलणी ऐकून घेतली. २००८ च्या त्यांच्या अहवालात बंदी होती ती न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस, तुरुंगाचे पहारेकरी अशा मोजक्या पदांना, कारण दंडशक्ती त्यांच्या हातात असते. शिक्षकांना त्यांनी वगळलं होतं. विधानसभेच्या सभागृहातला क्रूस काढा, असंही त्यांनी सांगितलं. अध्यक्षांच्या खुर्चीमागचा तो क्रूस १९३६ पासून तिथे होता. तो अहवालानंतरही अकरा वर्षं हलला नाही, वारसा म्हणून. कायदा २१ मंजूर झाल्यावर, २०१९ च्या जुलैत, एकदाचा खाली आला. आणि टेलर? २०१७ मध्ये त्यांनी पोलीस-न्यायाधीशांच्या बंदीचा पाठिंबासुद्धा काढून घेतला. त्याच वर्षी २९ जानेवारीला क्वेबेक सिटीच्या मशिदीत नमाज संपता संपता एका स्थानिक विद्यार्थ्याने गोळ्या झाडून सहा जणांना ठार केलं होतं. मेलेल्यांत विद्यापीठाचे प्राध्यापक होते, किराणा दुकानदार होता, सरकारी नोकरही होते.

कायदा २१ विधानसभेत ७५ विरुद्ध ३५ मतांनी झाला. बहुमत होतं, कबूल. पण त्याला तुम्ही पहिल्या दिवसापासून कॅनडाच्या राज्यघटनेतल्या कलम ३३ चं चिलखत घातलंत, म्हणजे मूलभूत हक्कांच्या नावाखाली न्यायालयाने तो रद्द करू नये. २०२१ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने याची सर्वाधिक झळ मुसलमान बायकांना बसते हे नोंदवलं आणि त्या चिलखतामुळे कायद्याचा मुख्य भाग तसाच राहू दिला. स्वतःच्या कायद्याबद्दल खात्री असलेलं सरकार तो कोर्टाच्या तपासणीला आधी उभा करतं, चिलखत मागाहून शोधतं.

आता माझ्या लोकांसाठी थोडं. धार्मिक चिन्ह म्हणजे काय, हे कायद्याच्या सहाव्या कलमात आहे. कपडा, दागिना, डोक्यावरचं काहीही, जे श्रद्धेपोटी घातलं जातं किंवा जे पाहून सामान्य माणसाला धर्माची ओळख पटेल. दागिना! मी माझं मंगळसूत्र घालून कामावर जाते. टिकलीही लावते. नव्या कायद्याची चर्चा सुरू झाली तेव्हा मी वरिष्ठांना विचारलं, याचं काय करू? त्या गोंधळल्या, मग हसून म्हणाल्या, छे, ते तर नुसतं गळ्यातलं आहे. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि घरी जाताना लाज वाटली. सोन्याच्या दोन वाट्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी देवाब्राह्मणांसमोर गळ्यात बांधल्या गेल्या, तरी ते गळ्यातलं. आणि माझ्या सहकारी बाईचा दोन डॉलरचा सुती रुमाल मात्र धर्मप्रचार. उद्या वरच्या खुर्चीत दुसरी बाई आली आणि तिला मंगळसूत्र काय ते गूगलने सांगितलं, तर? २०२४ मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाबला बंदी केली, तेव्हा दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजच्या वकिलांना हेच विचारलं होतं, मग टिकली-टिळ्यालाही बंदी करणार का? व्हॉट्सॲपवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी कलम सहा एकदा शांतपणे वाचावं.

तुमच्या बाजूचं सगळ्यात वजनदार उदाहरण म्हणजे मॉन्ट्रियलची बेडफर्ड शाळा. तिथे शिक्षकांच्या एका टोळक्याने वर्षानुवर्षं दहशत माजवली. मुलांवर ओरडणं, शिकण्यातल्या अडचणी म्हणजे निव्वळ आळस असं मानणं, विज्ञान आणि लैंगिक शिक्षण जेमतेम उरकणं, मुलींच्या फुटबॉलला आडकाठी. २०२४ च्या ऑक्टोबरात अहवाल आला आणि अकरा शिक्षक निलंबित झाले. त्यातले बहुतेक माघ्रेबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या अरब वंशाचे. हे लपवायचं कारण नाही, आणि ‘इस्लामद्वेष’ म्हणून त्यावर पांघरूणही घालू नये. पण नीट बघा. कायदा २१ तेव्हा पाच वर्षांचा झाला होता. तो त्या वर्गांत काहीही थांबवू शकला नाही, कारण आक्षेप कुणाच्या पेहरावावर नव्हताच, वागणुकीवर होता. त्या टोळक्याला विरोध करणाऱ्यांतही माघ्रेबी वंशाचे शिक्षक होते. तक्रारी वर जात राहिल्या आणि वरती कुणीतरी त्या फायलीत ठेवत राहिलं. इलाज हवा होता तो तपासणीचा आणि तक्रारीवर हालणाऱ्या अधिकाऱ्याचा. तुम्ही त्यावर कँटीनमधल्या बाईचा रुमाल काढायचा कायदा आणलात.

रस्त्यावरच्या सामूहिक प्रार्थनेचंही तसंच. २०२५ च्या नोव्हेंबरात मांडलेल्या विधेयक ९ मध्ये त्यावर बंदी आहे, विद्यापीठांतल्या प्रार्थनाखोल्यांवरही. नोत्र-दाम बॅसिलिकासमोर निदर्शनांत नमाज पढला जातो, ते मला आवडत नाही. दुसऱ्याच्या देवळाच्या दारात जाऊन केलेली प्रार्थना देवापर्यंत कमी आणि कॅमेऱ्यापर्यंत जास्त जाते. आम्ही मुंबईकरांनी हे महागात शिकलो आहोत. १९९२ च्या डिसेंबरअखेरीस रस्त्यावरच्या नमाजाला उत्तर म्हणून महाआरत्या सुरू झाल्या, आणि त्या गर्दीतून पुढे काय बाहेर पडलं ते श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. म्हणूनच सांगते, प्रश्न रस्त्याचा असेल तर रस्त्याचाच ठेवा. आमच्याकडे गणपतीच्या मांडवाला महापालिकेचा परवाना लागतो, वाहतूक पोलिसांचा लागतो, रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद. पाळला जातो का, हा वेगळा विषय! पण नियम मांडवाला आहे, मूर्तीला नाही. रस्ता अडला, परवाना नाही, तर दंड करा, मग कुणी ‘अल्लाहु अकबर’ म्हणो की हॉकी संघाच्या विजयाच्या घोषणा देवो.

हिजाब मला पटतो का? नाही पटत. बाईच्या केसांवर घराण्याची अब्रू टांगायची रीत कुठल्याच धर्माची मला पटत नाही, आमच्या पणज्यांचे डोक्यावरचे पदर आठवूनच हे म्हणते. हे मी माझ्या सहकारी बाईला तोंडावर सांगितलं आहे. ती म्हणाली, बरं, आणि आम्ही पुढे काम केलं. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुसलमान बायकांचा मोर्चा काढला, तोंडी तलाकाविरुद्ध. चार वर्षांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. मुल्लामौलवींना त्यांच्याइतकं रोखठोक सुनावणारा माणूस आमच्या भाषेत दुसरा झाला नाही. त्यांनी बायकांना घराबाहेर आणलं, बोलतं केलं. तुमचा कायदा बोलत्या, कमावत्या बाईला सांगतो, रुमाल काढ नाहीतर घरी जा. ज्या घरात नवऱ्याच्या हट्टापायी रुमाल आहे, त्या घरातली बाई काय निवडणार, हे कळायला समाजशास्त्र लागत नाही. तिचा पगार जाईल, रुमाल राहील. आणि तुमच्या शाळांत माणसं नाहीत: २०२३ मध्ये शाळा उघडायला आठवडा राहिला असताना साडेआठ हजारांवर शिक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या.

तुम्ही सगळा कायदा मागे घ्याल अशी माझी अपेक्षा नाही. निवडणुकीचं गणित मलाही कळतं. मागणी छोटी आहे. ज्यांना सूट दिली आहे, त्यांची सूट पदाला आणि संस्थेला न बांधता माणसाला बांधा. नोकरीत असलेल्या बाईला शाळा बदलता यावी, शिकून शिक्षिका होता यावं, मुख्याध्यापिकासुद्धा. त्यासाठी दुरुस्तीत एक वाक्य पुरेल. लावालच्या त्या शाळेतली जागा अजून भरलेली नाही. मी काल वेबसाइटवर पाहिलं, अर्जाची मुदत वाढवली आहे.

आपली,
शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणारी एक मराठी बाई,
मॉन्ट्रियल