उचल घेतलेल्या माणसाची ‘निवड’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऊसतोड मजुरांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकाने उसाच्या फडापर्यंत जाऊन माणसांशी बोलून लिहिले, याबद्दल त्यांचे आभार. पण ‘या लोकांवर कुणी बळजबरी करत नाही, हे काम त्यांनीच निवडले आहे, पटले नाही तर ते सोडू शकतात’ हे वाक्य वाचून स्वस्थ बसवले नाही.

लेखकाने मजुरांना विचारले डिसेंबरात. तोवर निवड होऊन चार-पाच महिने उलटलेले असतात. कोयता, म्हणजे तोडणीला जाणारी जोडी, ठरतो पावसाळ्यात. पेरणीला बी-खत लागते, शाळा उघडतात, कुणाच्या दवाखान्याचे तर कुणाच्या लग्नाचे देणे उभे असते. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, पाथर्डी या पट्ट्यात त्या दिवसांत रोख रक्कम घेऊन दारात येणारा माणूस बहुधा एकच असतो, तो म्हणजे मुकादम, मजुरांची टोळी जमवणारा मध्यस्थ. तो आगाऊ देतो ती रक्कम म्हणजे उचल. कोरडवाहू दोन एकरांवर आणि आधीच्या थकबाकीवर बँक दारात उभे करत नाही. मुकादम तारण मागत नाही, तो हात-पाय बघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा कोयता. पैसे हातात पडतात त्या दिवशी कोणता कारखाना, कोणते गाव, ऊस उभा की लोळलेला, यातले काहीही मजुराला ठाऊक नसते. दसऱ्यापर्यंत ते पैसे खर्चून झालेले असतात. दिवाळीनंतर गाडी येते. आता यात निवड कोणत्या तारखेला झाली, ते लेखकाने सांगावे.

‘सोडू शकतात’ म्हणजे काय, तेही हिशेबाने बघू. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधल्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा २७३ रुपयांचा दर ३६६ च्या घरात गेला. वाढ मोठीच आहे, ती नाकारत नाही. पण एका कोयत्यावर लाखाची उचल असेल तर ३६६ च्या दराने ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडी धडधाकट असली आणि ऊस सरळ असला तर दिवसाला दोन टन पडतो. म्हणजे एकही खाडा (कामावरची गैरहजेरी) न करता १३७ दिवस. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि बहुतेक कारखान्यांचा पट्टा शंभर दिवसांच्या आत पडला, म्हणजे गाळप संपले. शंभर दिवस पूर्ण धरले तरी २०० टन होतात, त्याचे ७३,२०० रुपये. उरले २६,८००. शिवाय फडात असताना पोटाला आठवड्याची खर्ची लागते, तीही खात्यावर चढते. आठवड्याला हजार धरा, चौदा आठवड्यांचे १४,००० झाले. पट्टा पडतो तेव्हा माणूस चाळीस हजारांची बाकी घेऊन गावी परततो, आणि पुढच्या वर्षीचा कोयता त्याच मुकादमाकडे ठरलेला असतो. पुढच्या वर्षीची ही ‘निवड’ तर मागच्याच वर्षी झालेली असते.

यात खाडा धरलेला नाही. आजारपण, बाळंतपण, घरातले मरण, काहीही असले तरी काम चुकले की त्या दिवसाची मजुरी जातेच, वर दंड लागतो. उसात पाणी असले, गाडी वेळेवर आली नाही, कारखान्यात मोडतोड होऊन ऊस टाकायची गव्हाण बंद पडली, तर तो दिवस मजुराच्या नावावर रिकामा जातो. मजुरी टनावर असल्यामुळे थांबण्याचे पैसे कुणी देत नाही. बैलगाडीने ऊस वाहणारा टायरगाडीवाला कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत रात्रभर बैलांजवळ बसतो, ते तास कुठल्याच कागदावर येत नाहीत. ट्रक रात्री अकराला आला तर त्याच वेळी मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढावे लागते, आणि पहाटे पुन्हा कोयता हातात. दोन टनांची मजुरी दोघांत वाटली तर माणशी ३६६ रुपये पडतात, तेही बारा-चौदा तासांचे.

आता कामाला कंटाळलेला मजूर खरोखरच सोडून गेला तर काय होते? उचल देताना मुद्रांकावर सह्या-अंगठे घेतलेले असतात. त्यावर बहुधा ‘हातउसने’ लिहिलेले असते, तोडणीचा उल्लेखही नसतो. म्हणजे कागदावर तो मजूर नसतो, कर्जबुडवा असतो. कारखान्याचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा टोळीशी, तोही तोंडी. मजुराचे नाव कारखान्याच्या मजुरी-पत्रकावर कुठेच नसते, त्यामुळे किमान वेतनाचा प्रश्न विचारायचा कुणाला, इथूनच अडचण. बायकोचे तर मुकादमाच्या वहीतही नाव नसते. कोयता तिच्यावाचून अर्धा, पण खाते नवऱ्याचे. तिला सोडून जायचे असेल तर ती कोणत्या कागदावरचे नाव कमी करायला सांगणार?

मुकादमही फसतात, हे मान्य आहे. दोघांची उचल घेऊन तिसऱ्याकडे जाणाऱ्या टोळ्या आहेत, आणि ठेकेदाराचे पैसे मुकादमाच्याच मानेवर बसतात. पण त्यामुळे मजूर मोकळा ठरत नाही, सगळी साखळीच उचलीने बांधलेली आहे एवढेच दिसते.

लेखकाला ‘बळजबरी’ म्हणजे मारहाण आणि कुलूप एवढेच अभिप्रेत असावे. देशाचे सर्वोच्च न्यायालय तसे मानत नाही. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, १९८२ साली, न्या. भगवती यांच्या पीठाने स्पष्ट सांगितले की भूक आणि दारिद्र्य यांच्या दडपणाखाली किमान वेतनापेक्षा कमी पैशांत केलेले काम हेही घटनेच्या अनुच्छेद २३ खाली सक्तीचे श्रम आहे. दुसरा मार्गच उरलेला नसताना माणसाने दिलेला होकार न्यायालयाने होकार मानला नाही. आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आगाऊ रकमेच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचे किंवा फिरण्याचे स्वातंत्र्य गमावलेल्या माणसाला वेठबिगार म्हणतो. असे कर्ज तो कायदा रद्दच करतो. पट्टा पडेपर्यंत दुसऱ्या कामावर जाता येत नाही, बाकी फिटेपर्यंत मुकादम बदलता येत नाही, ही अट या व्याख्येत बसते की नाही, एवढे तरी लेखकाने लिहिण्याआधी तपासायला हवे होते.

‘गावात रोजगार हमीची कामे होतीच’ असेही लेखात आहे. १९७२ च्या दुष्काळात याच राज्याने ती योजना आणली आणि १९७७ साली कायदा केला, त्याचा अभिमान आहेच. पण ती हमी लेखी मागणीवर चालते. नमुना चार भरून काम मागायचे आणि तारखेची पोच घ्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता देय होतो. म्हणूनच पोच देण्याची टाळाटाळ होते. तोंडी मागणी केली की पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. आणि मिळाले तरी त्या कामाचा पैसा काम झाल्यावर खात्यावर येणार. पेरणीच्या आठवड्यात हवी असलेली रक्कम त्यातून उभी राहत नाही. उचल आणि हमी यांतून एक निवडायचे असते, असे समजणाऱ्याने आषाढात एकदा त्या गावी जावे.

लेखातली सर्वांत खटकलेली ओळ गर्भपिशवी काढण्याबद्दल आहे. ‘काही स्त्रिया स्वतःहून शस्त्रक्रिया करून घेतात.’ २०१९ साली या प्रश्नावर नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. फडात संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर, आणि घरी बसले तर खाडा. या चार गोष्टी बाजूला ठेवून ‘स्वतःहून’ हा शब्द छापायला नको होता. तो मागे घ्यावा, अशी विनंती आहे.

जाता जाता आपल्या दैनिकाबद्दलही एक तक्रार. उचल घेऊन टोळी पळाली की ‘मुकादमाची लाखोंची फसवणूक’ अशी बातमी तीन कॉलमांत, मजुराच्या नावा-गावासह येते. मजुराला किंवा त्याच्या पोराला बाकीपोटी डांबून ठेवल्याची बातमी आली तर आतल्या पानावर चार ओळी, आणि त्यात ‘आर्थिक देवाणघेवाणीतून’ असा शब्द. ती देवाणघेवाण कसली होती, उचल किती होती, किती टन तोडून झाले होते, बाकी कुणी काढली, हे चार प्रश्न आपल्या वार्ताहरांनी त्या दिवशी ठाण्यात विचारावेत. लेखकानेही पुढचा लेख लिहिण्यापूर्वी एका तरी कोयत्याची वही मागून बघावी. मुकादमाकडे ती असते, मजुराकडे तिची नक्कल क्वचितच असते.

कळावे,
आपला एक नियमित वाचक