पट्टे चकाकतात, पण ओल्यात धरतात का?

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्याच्या तोंडावर शहरातल्या चौकांत झेब्रा क्रॉसिंग, स्टॉप लाइन आणि गतिरोधकांवरचे पट्टे नव्याने मारल्याची बातमी आपल्या अंकात छायाचित्रासह आली. काम झाले हे चांगलेच झाले. पुसट पट्ट्यांमुळे रस्ता ओलांडणाऱ्यांचे हाल होत होते आणि रात्री दुभाजक कुठे सुरू होतो हेही कळत नव्हते. बातमीत कामाचा खर्च होता, रंगाची जाडी होती, रात्री पट्टा किती चमकतो हेही होते. पण पाऊस पडल्यावर तो पट्टा टायर किती धरून ठेवतो, याबद्दल एक ओळही नव्हती. यात बातमीदाराचा दोष नाही. त्याला ते कोणी सांगितलेच नसणार, कारण बहुतेक कामांत ते कोणी मोजतच नाही.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वाहतूक प्रयोगशाळेत सहायक होते आणि आता कोल्हापुरात निवृत्तीचे आयुष्य जगते आहे. रस्त्याची पकड मोजणारे पेंड्युलमचे, म्हणजे लोलकाचे यंत्र मुलांना लावून दाखवणे हे माझ्या कामातले मला सर्वांत आवडणारे काम. यंत्र साधे आहे. तीन पायांचे स्क्रू फिरवून, पाणसळ बघून ते रस्त्यावर सरळ उभे करायचे. लोलकाच्या टोकाला रबराचा छोटा पट्टा बसवलेला असतो. तो रस्त्यावरून जेमतेम सव्वाशे मिलिमीटर घासत जाईल अशी उंची लावायची, रस्ता आणि रबर दोन्ही पाण्याने भिजवायचे आणि आडवा धरलेला लोलक सोडून द्यायचा. रस्त्याने रबर जितके धरले तितका लोलक पलीकडे कमी चढतो आणि त्याने ढकललेला काटा तिथेच थांबतो. आकडा मोठा तर पकड चांगली. आकडा लहान तर रस्ता निसरडा. ओल्या रस्त्यावर ताशी 50 किलोमीटर वेगाने घसरत जाणाऱ्या टायरची स्थिती डोळ्यासमोर ठेवून ही चाचणी बसवलेली आहे.

मुलांना मी आधी डांबरावर चाचणी घ्यायला लावायची आणि मग यंत्र उचलून शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यावर मांडायला सांगायची. डांबर ओले केले तरी आकडा बऱ्यापैकी मोठाच राहायचा. पट्ट्यावर मात्र पाणी ओतले की लोलक सरळ पलीकडे चढून जायचा. यंत्र नीट लावले नाही असे वाटून मुले पुन्हा पाणसळ बघायची, पुन्हा मोकळा झोका देऊन शून्य तपासायची. यंत्र ठीकच असायचे.

कारण समजायला अवघड नाही. डांबरी रस्त्याची पकड दोन गोष्टींतून येते. एक म्हणजे खडीच्या प्रत्येक तुकड्याचा खरखरीतपणा आणि दुसरी म्हणजे खडीच्या तुकड्यांमधल्या बारीक फटी. टायरखालचे पाणी या फटींत दाबले जाते आणि रबर खडीला टेकते. आपल्याकडे पट्ट्यांसाठी जे थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवल्यावर वितळणारा रंग, वापरतात ते 200 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून रस्त्यावर ओततात. त्याची जाडी 2.5 मिलिमीटर असते. इतक्या जाड थराखाली खडी आणि तिच्यातल्या फटी दोन्ही झाकल्या जातात. त्यावर रंग गरम असतानाच चौरस मीटरला 250 ग्रॅम या प्रमाणात काचेचे मणी टाकतात. हे मणी मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. गाडीच्या दिव्याचा उजेड ते परत चालकाकडे फेकतात आणि म्हणूनच पट्टा रात्री उठून दिसतो. मणी हवेतच, त्यांना माझा विरोध नाही. पण काच गोल आणि गुळगुळीत असते. तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसला की टायरला धरायला काही उरत नाही. काम संपल्यावर न चिकटलेले मणी झाडून न्यायचे राहिले तर ते सुटे मणीही दुचाकीला धोक्याचेच.

यात सर्वांत जास्त भरडला जातो तो दुचाकीस्वार. चारचाकीची दोन चाके पट्ट्यावर आली तरी उरलेली दोन बहुधा डांबरावर असतात. दुचाकीची दोन्ही चाके एकामागोमाग त्याच पट्ट्यावरून जातात आणि प्रत्येक चाकाचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. शिवाय झेब्राचे पट्टे वाहनाच्या दिशेने लांब असतात, म्हणजे चाक पट्ट्यावर चढले की तो संपेपर्यंत त्याच्यावरच राहते. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्कूटीला 3 मीटरचा पट्टा पार करायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. वाचताना हा वेळ नगण्य वाटतो, पण पुढचा ब्रेक दाबलेला असताना आणि हँडल किंचित वळलेले असताना पुढचे चाक एवढा वेळ घसरले, तर चालवणाऱ्याला पाय टेकवायलाही अवधी मिळत नाही. 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. त्याहून लहान गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय पुरेशी मानली गेली, आणि घरोघरी ज्या स्कूटी आहेत त्यातल्या बहुतेक याच गटातल्या. आणि चालक ब्रेक नेमका कुठे लावतो? स्टॉप लाइनपाशी आणि झेब्रापाशी. रस्त्यावर पकडीची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच आपण ती सर्वांत कमी करून ठेवतो.

माझी भाची गेल्या वर्षी वळवाच्या पहिल्या सरीत अशीच पडली. चौकात पिवळा दिवा लागला म्हणून तिने वेळेत ब्रेक लावला, म्हणजे नियमाप्रमाणेच वागली. वेग नव्हता, डोक्यावर हेल्मेट होते, टायर नवे होते. स्कूटी स्टॉप लाइनवर आडवी झाली आणि तिचे मनगट मोडले. मागून येणारी बस थांबली म्हणून पुढचे टळले. बघायला जमलेल्या माणसांनी तिलाच ऐकवले, ‘पोरींना गाडी आवरत नाही.’ मला त्या वाक्याचा अजून राग आहे. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ, तेल आणि टायरचे घासलेले रबर यांचा चिकट लेप होतो हे सगळ्यांना ठाऊक असते. तोच लेप गुळगुळीत पट्ट्यावर पसरला की तिथे अनुभवी माणसाचीही गाडी जाते.

हा विषय नियमांत नाही असेही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या कामांच्या प्रमाणकांत थर्मोप्लास्टिक पट्ट्यांचा घसरणरोध, म्हणजे स्किड रेझिस्टन्स, याच पेंड्युलमच्या आकड्यात 45 पेक्षा कमी नसावा अशी अट आहे. युरोपच्या मानकात हाच 45 चा आकडा सर्वांत खालच्या वर्गासाठी आहे आणि तिथून 50, 55, 60 करत तो 65 पर्यंत जातो. म्हणजे आपली अट काही अवघड नाही. अडते ते मोजण्यापाशी. जाडी मोजायला पत्र्याचा तुकडा पट्ट्याखाली ठेवून भागते. चमक मोजायचे यंत्र आता ठेकेदारही बाळगतात, कारण रात्री पट्टा दिसला नाही तर तक्रार येते. पट्ट्यावरून घसरलेला माणूस मात्र धूळ झटकून, लंगडत, स्वतःलाच दोष देत घरी जातो. त्याची तक्रार कुठेच पोहोचत नाही. पोहोचली तरी ‘वाहनावरील ताबा सुटल्याने’ एवढीच नोंद होते.

देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली आणि त्यातले 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. त्यातले किती पट्ट्यावरून घसरले हे सांगणारा आकडा आपण गोळाच करत नाही. पंचनामा करताना घसरल्याची खूण डांबरावर आहे की रंगावर, आणि रस्ता ओला होता का, एवढ्या दोन गोष्टी जरी लिहिल्या, तरी कोणत्या चौकात काय चुकते आहे ते वर्षभरात उघडे पडेल.

उपायही माहीत असलेलेच आहेत. काचेच्या मण्यांबरोबर गारगोटीचा धारदार चुरा किंवा भाजलेल्या बॉक्साइटचे कण टाकले की पट्ट्याला खरखरीतपणा येतो. मणी उजेड परत फेकतात, चुरा टायर धरतो. चुरा जास्त झाला तर पट्टा लवकर काळवंडतो आणि चमक घटते, म्हणून प्रमाण सांभाळावे लागते. ते सांभाळता येते, फक्त निविदेत तसे लिहिलेले पाहिजे. दुसरे म्हणजे जुन्या थरावर नवा थर चढवत जाण्याची सवय मोडली पाहिजे. चौकातल्या काही पट्ट्यांवर आता इतके थर झाले आहेत की चप्पल अडखळते. असा उंच पट्टा उताराच्या रस्त्यावर पाणी अडवतो आणि त्याच्या कडेला डबके साचते. जुना थर खरवडून मगच नवा टाकावा. हल्ली काही शहरांत झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांमधली जागाही लाल रंगाने भरतात. दिसायला ते ठसठशीत दिसते, पण दुचाकीला दोन पट्ट्यांमधून डांबरावरून जायची जी वाट होती तीही त्यामुळे बंद होते. शोभेसाठी हे करू नये. गावोगावी गतिरोधकावर हौसेने साधा ऑइल पेंट फासतात, तोही थांबायला हवा.

घाटांबद्दल वेगळे सांगायला हवे. आंबा घाट असो, गगनबावड्याचा करूळ असो, आपल्याकडे घाटात पाऊस कोसळतो, धुके असते आणि कडेचा पट्टा हाच चालकाचा आधार असतो. तिथे पट्टे हवेतच, किंबहुना अधिक चांगले हवेत. पण वळणाआधी जे जाड आडवे रंबलर, म्हणजे चालकाला सावध करणारे उंचवट्याचे पट्टे, टाकतात, ते अनेकदा वळण सुरू झाल्यावरही चालूच राहतात. दुचाकी तिरकी झालेली असताना ओल्या रंबलरवर एकापाठोपाठ एक पट्टे येतात आणि प्रत्येक पट्ट्यावर चाकाची पकड सुटते, पुन्हा धरते, पुन्हा सुटते. वेग कमी करायची सूचना वळणाच्या पुरेशी आधी, सरळ रस्त्यावर द्यायची असते. वळणात रंबलर टाकणे मला अक्षम्य वाटते.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198 अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल प्रमाणकांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण पट्ट्याची पकड मोजून लिहून ठेवलेलीच नसेल, तर प्रमाणक पाळले नाही हे दाखवणार कशावरून?

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. पट्ट्यांच्या कामाचे देयक मंजूर होण्यापूर्वी जागेवर, पाणी टाकून, पेंड्युलमची चाचणी व्हावी. तिचे आकडे चौकनिहाय जाहीर करावेत. जिथे 45 भरत नाहीत तिथला पट्टा ठेकेदाराच्या खर्चाने काढून पुन्हा करावा. सुरुवात शाळांसमोरच्या झेब्रांपासून व्हावी, कारण 15 जूनला शाळा भरतील आणि तोवर मृगाचा पाऊसही लागलेला असेल. यंत्र नवे घ्यायचीही गरज नाही. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते असते, आणि एका पट्ट्याची चाचणी यंत्र लावण्यापासून अर्ध्या तासात होते. त्यासाठी रस्त्याची एक बाजू तेवढी बंद ठेवावी लागेल, म्हणून एक वाहतूक पोलीस सोबत हवा. यंत्र लावायला आणि आकडे लिहून घ्यायला मी स्वतः येईन. आपल्या दैनिकाने बातमीदार पाठवला तर त्यालाही लोलक सोडून बघू देईन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कोल्हापूर